अंगण वाकडे

नाचता येईना त्याला अंगण वाकडे, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो गृहस्थ माणसांना फार जवळून ओळखत असला पाहिजे. मात्र त्याच्या काळी अंगण विकत मिळत नव्हते. वाकडे असले तरी त्याच अंगणात नाचावे लागे, आणि नाचता नाचता थोडेफार नाचही येऊ लागे. आज तशी अडचण नाही. दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ, गुळगुळीत, झगमगीत अंगणांच्याच जाहिराती असतात. हप्त्याने मिळतात, घरपोच मिळतात, जुने अंगण देऊन नवे बदलूनही मिळते. नाच कुठे मिळतो, ते मात्र कोणी छापत नाही.

हे सारे सुचण्याचे कारण आमच्या शेजारचा मार्कोनी. त्याचे खरे नाव अर्थातच वेगळे आहे. पण आमच्या सिडकोतल्या गल्लीत सगळे त्याला याच नावाने ओळखतात. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. मुलगा संध्याकाळ झाली की एक जुना लॅपटॉप, वायरींचे भेंडोळे आणि दोन अॅल्युमिनियमच्या कांड्या घेऊन गच्चीवर जातो. या कांड्या त्याने भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून वजनावर घेतल्या आहेत. प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटर लांब. त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवून तो कपड्यांच्या दोरीच्या खांबाला बांधतो आणि आकाशाकडे बघत बसतो. गल्लीतल्या बायकांना प्रथम वाटले, पोराला कुठला तरी नाद लागला. नाद लागलाच होता, पण तो रेडिओचा.

रेडिओ म्हटले की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे आजोबांच्या माजघरातली ती लाकडी पेटी उभी राहते. आत काचेचे दिवे हळूहळू तांबूस होत, मग खरखर, मग शिट्ट्या, आणि मग एकदम कोणाचा तरी गंभीर आवाज. त्या पेटीसाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे, आणि परवान्याचे ते पुस्तक आजोबांनी रेडिओ बंद पडल्यावरही जपून ठेवले होते. त्या पेटीत प्रत्येक कामाला एक वेगळी वस्तू असे. स्टेशन निवडायला एक, आवाज वाढवायला दुसरी, खरखर गाळायला तिसरी. एखादे काम नीट होत नसेल तर ती वस्तू बदलावी लागे, आणि वस्तू बदलायची म्हणजे पैसे.

मार्कोनीचा रेडिओ मात्र अंगठ्याएवढा आहे. संगणकावर टेलिव्हिजन पाहता यावा म्हणून निघालेली ही डबी. तिला ही मुले डोंगल म्हणतात. २०१२च्या सुमारास काही हौशी लोकांच्या ध्यानात आले, की आकाशातून येणाऱ्या लहरींचे नुसते आकडे करून ती संगणकाच्या हवाली करू शकते. झाले! आकडे हाती आल्यावर उरते ते गणित. स्टेशन निवडणे हे गणित, खरखर गाळणे हे गणित, आवाज काढणे हेही गणितच. आजोबांच्या पेटीतल्या निम्म्याअधिक वस्तूंची आता बेरीज-गुणाकारांत रवानगी झाली आहे. आणि हे गणित करणारे प्रोग्रॅमही बहुतेक फुकट. एरिक ब्लॉसम या माणसाने २००१ मध्ये ग्नू रेडिओ नावाचे काम सुरू केले, त्यात जगभरच्या लोकांनी भर घातली. त्या धर्तीवर आणखी कितीतरी प्रोग्रॅम निघाले. फुकटपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांची कृती उघडी असते. कोणीही वाचावी, बदलावी, आणि बदललेली दुसऱ्याला द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात.

तर आमच्या मार्कोनीला हवामानाच्या उपग्रहाकडून ढगांचे चित्र घ्यायचे होते. अमेरिकेचे नोआ मालिकेतले जुने उपग्रह वर्षानुवर्षे अशी चित्रे खाली सोडत असत. त्यांतला नोआ-१५ तर १९९८ मध्ये उडालेला. २०२५ मध्ये उरलेल्या तिघांनाही निवृत्त करण्यात आले. मग ही मंडळी रशियाच्या मेटेऑर उपग्रहांकडे वळली. ते सुमारे १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात. उपग्रह क्षितिजावर उगवतो, डोक्यावरून जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत मावळतो. तेवढ्या वेळात जे काय ऐकायचे ते ऐकायचे. पण मार्कोनीच्या चित्रावर काळे पट्टे पडत. अरबी समुद्र दिसे, मग काळा पट्टा. गुजरात दिसे, मग पट्टा. आणि आपले नाशिक नेमके पट्ट्याखाली.

"सर, ही डबीच भंगार आहे," तो मला म्हणाला. "चाळीस हजारांचं एक मशीन येतं. ते घेतलं की प्रश्न मिटला."

चाळीस हजार हा आकडा त्याने ज्या सहजतेने उच्चारला, ती सहजता त्याच्या वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हती. बोनस होणार होता. पण त्या बोनसला आधीच तीन वाटेकरी होते. धाकटीची फी, गावाकडच्या घराचे पत्रे आणि सोसायटीचे कर्ज. तरी ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "सर, पोरगं हुशार आहे म्हणतात. माझ्या पैशापायी त्याचं अडायला नको. तुम्ही सांगाल तसं करतो."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले आणि चार कादंबऱ्या लिहिल्या. उपग्रहातले मला काय कळणार? पण न कळणाऱ्या माणसाला एक सोय असते. तो साधे प्रश्न विचारू शकतो. मी मुलाला एवढेच विचारले, "पट्टे केव्हा पडतात?"

"पडतात कधीही."

"कधीही म्हणजे केव्हा? उपग्रह उगवताना, मावळताना, की डोक्यावर असताना?"

त्याला सांगता येईना. मी त्याला माझ्याकडची एक कोरी दोनशेपानी वही दिली आणि म्हटले, "वीस वेळा पाहा आणि लिहून ठेव. मग आपण चाळीस हजारांचं बोलू."

पुढचे तीन आठवडे तो खरोखर लिहीत राहिला. तारीख, वेळ, उपग्रह किती उंचावरून गेला, आवाजाची चावी किती ठेवली, पट्टे कुठे पडले. वही अगदी वाचण्याजोगी झाली होती. त्या वहीतून पहिली गोष्ट निघाली ती अशी. आवाज दुबळा म्हणून त्याने डबीची शक्ती अगदी शेवटपर्यंत वाढवून ठेवली होती. पण शहरातली एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जवळच गरजत असतात. शक्ती जितकी वाढवावी तितका त्यांचाच गोंगाट डबीत शिरतो आणि उपग्रहाचे कुजबुजणे बुडून जाते. शक्ती थोडी कमी केल्यावर चित्र सुधारले. लग्नाच्या मांडवात शेजारच्या म्हाताऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी कानाला कर्णा लावला तर आधी बँडच ऐकू येणार, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. वहीत बघता बघता तो स्वतःच थबकला आणि म्हणाला, "सर, डबी कमजोर असती तर पट्टे कडेला पडले असते. उपग्रह लांब असतो तेव्हा. हे तर डोक्यावर असताना पडतायत, सिग्नल सगळ्यांत चांगला असताना!"

शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण मोजकेच येतात. मी नुसते "मग?" म्हटले.

त्याने एक प्रयोग केला. उपग्रह जात असताना चित्र काढायचेच नाही. येणारे आकडे नुसते साठवून ठेवायचे आणि चित्र मागाहून निवांतपणे काढायचे. तसे केले, आणि पट्टे नाहीसे झाले! डबी तीच, कांड्या त्याच, गच्ची तीच. दोष होता तो प्रोग्रॅमच्या कामाच्या वाटणीत. डबीकडून सेकंदाला दहा-वीस लाख आकड्यांच्या जोड्या येत असतात. त्या घेता घेता हा प्रोग्रॅम पडद्यावर लहरींची रंगीबेरंगी नक्षीही काढत बसे. सिग्नल चांगला येऊ लागला की उलगडण्याचे काम वाढे, जुन्या लॅपटॉपला दोन्ही जमेना, आणि तो मधल्यामध्ये काही आकडे टाकून देई. जिथे आकडे टाकले तिथे काळा पट्टा. पाहुणे पानावर बसले असताना वाढायचे सोडून कोणी पानाभोवतीच्या रांगोळीत रंग भरू लागावे, असा तो कारभार.

आता हा प्रोग्रॅम एखाद्या कंपनीच्या तिजोरीत बंद असता, तर एवढे कळूनही काही करता आले नसते. या बाबतीत अमेरिकेतली एक हकिकत प्रसिद्ध आहे. १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सगळ्यांना सूचना जाईल, अशी सुधारणा त्या लोकांनी आपली आपण केलेली होती. पुढे नवे, अधिक चांगले यंत्र आले. कागद त्यातही अडकेच. पण त्याच्या प्रोग्रॅमची कृती कोणी देईना. यंत्र नवे असूनही शहाणी माणसे त्यापुढे हतबल! ही बोच त्याच्या मनात राहिली आणि १९८३ मध्ये त्याने ग्नू या मुक्त प्रोग्रॅमांच्या कार्याची घोषणा केली. ग्नू रेडिओच्या नावातला ग्नू तो हाच.

मार्कोनीने ती उघडी कृती वाचायला घेतली. आठ-दहा दिवस तो जेवताना बोलत नव्हता, असे त्याची आई सांगते. मग त्याने चाळीसेक ओळी बदलल्या. आधी आकडे घ्यायचे. संगणक मागे पडू लागला तर नक्षी थांबवायची, आकडे टाकायचे नाहीत. आपल्या लॅपटॉपवर ते चालल्याचे पाहून त्याने ती दुरुस्ती प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवली. कुठल्या देशातली ही माणसे, त्यांची तोंडे कशी, काही ठाऊक नाही. चार दिवसांनी उत्तर आले: कल्पना चांगली आहे, पण लिहिण्याची पद्धत सुधारा, दुसऱ्या प्रकारच्या संगणकांवर तपासा, आणि हा बदल का हवा ते नीट समजावून सांगा.

पोरगा रुसला. "फुकट काम करून द्यायचं, वर यांचे नखरे!" म्हणाला. त्याला हे कळेना, की ज्यांनी ते काम नाकारले तेही फुकटच राबत होते. त्यांनी त्याचे पत्र वाचले होते, ओळ न् ओळ तपासली होती. पैसे देऊन लावलेल्या शिकवणीतही वही इतक्या मनापासून तपासली जाईलच असे नाही. मी त्याला म्हटले, "का हवा ते इंग्रजीत राहू दे. मला मराठीत सांग. पाच वाक्यांत." पहिल्या खेपेला त्याची अकरा वाक्ये झाली आणि एकही धड नव्हते. मग आम्ही खाटेवर बसून ती छाटली. काय बिघडते, केव्हा बिघडते, का बिघडते, मी काय केले, त्याने काय सुधारले. याच्या बाहेर जायचे नाही. या पाच वाक्यांचे त्याने इंग्रजी केले आणि वहीतल्या वीस नोंदींचा तक्ता सोबत जोडला. आणखी एकदा परत आले. तिसऱ्या वेळी स्वीकारले गेले.

मला या साऱ्यात एक हिशेब फार आवडला. चाळीस हजारांचे यंत्र आले असते तर ते एका गच्चीवर आले असते. शिवाय प्रोग्रॅम तोच आणि लॅपटॉप तोच राहिल्यामुळे पट्टे बहुधा तसेच पडत राहिले असते. चाळीस ओळी मात्र ज्याच्या ज्याच्याकडे जुना संगणक आहे, त्या सगळ्यांच्या कामी आल्या.

कोणी म्हणेल, ही पोरांची हौस झाली. मोठ्या कामात असे चालत नाही. त्याला मी नाशिक-पुणे रस्त्यावर घेऊन जाईन. संगमनेर, आळेफाटा मागे टाकून नारायणगाव आले की आत खोडदला जाता येते. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची प्रचंड दुर्बीण आहे. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती सर्वांना पाहता येते. मी शाळेतली मुले घेऊन गेलो आहे. आत जाताना मोबाइल बंद करावे लागतात. आकाशगंगेची कुजबुज ऐकायची तर आपली बडबड थांबवलीच पाहिजे.

ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप २०२० मध्ये गेले. त्यांच्या कामाची सुरुवात आपल्या कल्याणजवळ झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या. त्याच तबकड्या मांडून १९६५ मध्ये त्यांनी कल्याणला सूर्याचा अभ्यास सुरू केला. दुसऱ्याचे वापरून झालेले अंगण, पण नाच स्वतःचा! पुढे खोडदच्या तबकड्या करतानाही त्यांनी जड पोलादी पत्रे टाळले. ताणलेल्या तारदोरांवर बारीक तारेची जाळी बसवली; वारा तीतून आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्चही आवाक्यात राहिला.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. तीस तबकड्यांनी ऐकलेले सारे एकत्र जुळवावे लागते. प्रत्येक तबकडीचा दुसऱ्या प्रत्येकीशी मेळ घालायचा, म्हणजे ४३५ जोड्या झाल्या. प्रथम हे काम त्यासाठीच मुद्दाम घडवलेली यंत्रसामग्री करीत असे. २०१०च्या सुमारास तिथल्या मंडळींनी हेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या जुडग्यावर आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमांवर सोपवले. ते संगणक लिनक्सवर चालत. तबकड्या त्याच राहिल्या. पण खगोलशास्त्रज्ञांना हवे तसे बदल करण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी यंत्रेही बदलली आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू लागली. म्हणजे पैसा त्यांनीही खर्चला. पण गणिताला हाती असलेल्या सामग्रीतून काय काढता येते, ते आधी पाहून घेतले.

कारण गणितालाही मर्यादा असतेच. जे अँटेनाने धरलेच नाही, ते जगातला कोणताही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. आमच्या नाशिकची तांबट मंडळी भांड्याला कल्हई लावण्यापूर्वी ते उजेडात धरून फिरवून बघत. झिजले असेल तर कल्हई, भोक पडले असेल तर डाग, आणि बूडच गेले असेल तर सरळ सांगत, "बाई, आता नवं घ्या." त्यांना भांडे विकायचे नव्हते असे नाही. पण आधी उजेडात धरून बघायची त्यांची रीत होती. आपण मात्र भांडे न बघताच मोड घालायला निघतो. शाळाशाळांतून नव्या पडद्यांच्या खाली धूळ खात पडलेले जुने संगणक मी पाहिले आहेत. ते बिघडले होते की नुसते कोणी उघडून पाहिले नव्हते, याची चौकशी कोणाला करावीशी वाटत नाही. गरिबाच्या घरात ही चौकशी होते, कारण तिथे दुसरा इलाज नसतो. पण इलाज असतानाही चौकशी करणे, यालाच मी शिक्षण म्हणेन.

पावसाळा संपता संपता मार्कोनीने एक चित्र छापून आणले. अरबी समुद्र, कोकणपट्टी, सह्याद्रीला अडलेले ढग, सगळे एकसंध, पट्टा नाही. निफाडकडे त्याच्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली होती आणि छाटणीनंतरचा पाऊस म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला विचारावे. मामांनी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "झकास आहे भाचेबुवा. पण हे ढग उद्या कुठे जातील, तेवढं सांग की!" पोरगा हसला. ते एका चित्रावरून सांगता येत नाही, हे त्याने मामांना अगदी नीट, पाच वाक्यांत समजावून सांगितले.

आणि परवा तो पुन्हा वडिलांपुढे उभा राहिला. या खेपेला त्याला अँटेनाजवळ लावायची एक गाळणी हवी होती. एफएमचा गोंगाट दारातच अडवणारी, दोन हजारांच्या आतली. हे काम प्रोग्रॅमने का होत नाही, कांड्या हलवून का होत नाही, आणि ती लावल्यावर नेमके किती सुधारेल, हे त्याने वहीची पाने उलटून दाखवले. वडिलांना त्यातले कितपत समजले कोण जाणे. पण त्यांनी वही हातात घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश चाळली, आणि काही न विचारता खिशात हात घातला.